मारवेल न्हाई, मर्यादवेल

नान्या, तुला निसर्गप्रेमी केलं बे यांनी.

धारूरच्या चौकात, माझ्या दुकानाच्या बरोबर समोर फ्लेक्स लागलाय. ‘निसर्गप्रेमी व्यक्तिमत्त्व हरपले.’ वर तुझा फोटो, तोच आधार कार्डावरचा, ज्यात तू चोरी करताना धरल्यागत बघतोस. अन् त्याच्या दुप्पट फोटो साखर कारखान्याच्या चेअरमनचा, हात जोडलेला, रडायच्या बेतात असलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला पैल्या नजरेत वाटतं, तेच गेले. सकाळी शटर वर केलं तेव्हा मलाबी तसंच वाटलं, अन् घडीभर बरं वाटलं. खोटं कावून बोलू?

निसर्गप्रेमी म्हणे! तू गवतवेडा होतास. मोर दिसला तर लोक मोराकडं बघतात, तू मोर कशात उभा हाय ते बघायचास. लग्नात पंगतीला बसलास की वाढपी येईपर्यंत मांडीखालची हरळी उपटून तिचं मूळ किती खोल गेलंय ते मलाच दाखवायचास. वहिनींची निम्मी जिंदगी तुझ्या सदऱ्यातली कुसळं वेचण्यात गेली. पंढरीनाथानं पाठवलेला नवरा म्हणून त्या तुला सोसत होत्या का काय, माहीत न्हाई, पण फ्लेक्सवर त्यांचं नावबी न्हाई.

तू कुठं जन्मलास, काय शिकलास, ते सगळं लोक सांगतायत. मला त्यात पडायचं न्हाई. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं ठेवून उठून गेलास. असं करतात का बे? बाजारातलं फुकटचं गिऱ्हाईकबी भाव तुटेपर्यंत बसतं.

आपण शाळेत एका बाकावर बसलो. तू घाटाखालच्या गावातला पाटलाचा पोरगा, मी पेठेतल्या लिंगायत दुकानदाराचा. तू मला वाण्या म्हणायचास अन् मी तुला नान्या. पुढं जग मला आप्पा म्हणायला लागलं, तुला नाना, पण आपल्या दोघांत तेवढी बढती कधी झाली न्हाई. मी बापाच्या गादीवर बसून बियाणं विकायला लागलो. तू शेतीच्या कॉलेजात जाऊन आलास अन् शेती सोडून गवतामागं लागलास. तुझा बाप माझ्या बापाला म्हणलता, “पोरगं शिकून चरायला लागलं.” 

तुमच्या गावामागं बोडखा डोंगर. नाव कावून पडलं ते सांगायला नको. सरकारी गायरान, रुई अन् दगड सोडून वर काय नव्हतं. तू दारोदार फिरून माणसं जमवलीस, गवताची सोसायटी काढलीस अन् सरकारकडून डोंगर करारानं मागून घेतलास. तू अध्यक्ष, मी सचिव. मी ना त्या गावचा, ना शेतकरी. तरी ओढलंस. म्हणलास, “वाणी कुणाच्या भावकीत नसतो, म्हणून सगळे त्याचं ऐकतात.” कुणी ऐकलं न्हाई, ती गोष्ट वेगळी. चराई बंद, कुऱ्हाड बंद. जनावर वर सोडायचं न्हाई, गवत विळ्यानं कापायचं अन् भारा घरी न्यायचा. पैल्या साली लोकांनी तुला इतक्या शिव्या दिल्या की तुझा मेलेला बापबी कबरीतून, न्हाई तुमच्यात जाळतात, राखेतून उठून बसला असता.

कोणतं गवत लावायचं ते ठरवायला तुझ्याकडं दोन परीक्षक होते. एक तू, एक माझी म्हैस. चार-पाच जातींच्या पेंढ्या आणायचास अन् दुकानामागच्या गोठ्यात तिच्याम्होरं ओळीनं मांडायचास. ती आधी मारवेलला तोंड घालायची, मग पवन्याला. कुसळीजवळ नाक नेऊन फुर्रर करायची अन् मान फिरवायची. “बघ वाण्या, मास्तरीणबाईनं नापास केलं,” असं म्हणून तू खुळ्यागत हसायचास. म्हशीनं पास केलेलं मारवेल तू डोंगराच्या पायथ्याला लावलंस. तो बियाण्याचा पट्टा. तिथलं कितीबी अडलं तरी कापायचं न्हाई, ही तुझीच आण. तिथूनच दर साली बी अन् ठोंब घेऊन आपण डोंगर चढत गेलो.

मला जन्मभर पिशवीतलं बियाणं ठाऊक. मातीतून वर आलेलं ओळखायला तू शिकवलंस. मारवेलचं पेर दातात धरलं की गोड लागतं, पवना वाळला तरी जनावर टाकत न्हाई, हे मला पन्नाशीत कळलं. आजबी रस्त्यानं जाताना बांधावरच्या गवताचं नाव माझ्या तोंडात येतं, अन् मग मला राग येतो की हे सांगायला कुणी उरलं न्हाई. यासाठी तुझा ऋणी हाय बे. एकदाच म्हणतो, परत म्हणणार न्हाई.

मग तो दुष्काळ आला. विहिरी खरवडून झाल्या, लोकांनी दारातली जनावरं छावणीला नेऊन बांधली. आपल्या बोडख्यावर मात्र गुडघाभर वाळलेलं गवत उभं होतं. गावाचं एकबी जनावर छावणीला गेलं न्हाई. लोक सकाळी विळे घेऊन वर जायचे, ओळीनं कापायचे, दुपारी भारे उतरायचे. तुला शिव्या देणारी माणसं तुला ‘नानासाहेब’ म्हणायला लागली. तुला ते आवडायचं. न्हाई म्हणू नको, आवडायचं.

छावणी चेअरमनच्या संस्थेची होती. एका गावातून जनावरच येईना, म्हणून ते सोताच बघायला आले. पाठीमागं चार गाड्या. डोंगर खालपासनं वरपर्यंत बघितला. आपला करार तेव्हा संपत आलता अन् वाढवून घ्यायचं काम कचेरीत अडकलं होतं. तू ते त्यांच्या कानावर घातलंस. ते म्हणले, “नाना, माझं समुद्राकाठी एक घर हाय. बाग दोनदा लावली, दोनदा जळाली. तिकडं दिवाळीनंतर विहीर खारी होती, टँकरनं झाडं जगवावी लागतात. तुमच्या या दुष्काळातल्या गवतांनी ती बाग उभी करून द्या. करार मी वाढवून आणतो.”

मी तुझा सदरा मागनं ओढला, आठवतंय? तू हात झटकलास.

वाटेत मी म्हणलो, “नान्या, हा माणूस तोंडानं देतो अन् हातानं घेतो.”

तू म्हणलास, “वाण्या, तुला तराजूत मावतं तेवढंच दिसतं. बागेचं काम हाय, आपल्याला येतं ते काम हाय. त्यात डोंगर वाचत असला तर काय वाईट?”

अन् मला घेऊन गेलास समुद्र बघायला. एस्ट्या बदलून बदलून अंग आंबून गेलं. पोचलो तर मी जन्मात पैल्यांदा एवढं पाणी बघून तोंड उघडं टाकून उभा, अन् तू समुद्राकडं पाठ करून वाळूत फतकल मारून बसलास. मूठभर वाळू घेतलीस, जिभेवर ठेवलीस, थुंकलीस. “आप्पा, हे आपलंच गाव हाय की बे. चार महिने पाऊस, मग आठ महिने बोंब. वाळूत पाणी ठरत न्हाई, आपल्या मुरमात ठरत न्हाई तसं. निस्ता वारा अन् मीठ जास्ती.” आनंदाच्या भरात तू मला आप्पा म्हणलतास. तेवढ्यावरूनच मला कळायला पायजे होतं की तू गेलास कामातून.

पण बाग तू लई हुशारीनं मांडलीस, हे मानतो. म्हणलास, तीन ओळी करायच्या. पैली मार खाणारी, दुसरी आडोसा धरणारी, तिसरी मिरवणारी. समुद्राच्या तोंडावर वाऱ्याला अंगावर घेणारं कायतरी बसकं, जमिनीला धरून राहणारं. त्यामागं निर्गुडी, तरवड, करवंदीच्या जाळ्या. यांना पाणी कमी पडलं तर पान बारीक करतात, मरत न्हाईत. अन् घराजवळ पवना, शेडा, वाऱ्यावर डुलणारी गवतं, पावण्यांनी बघायला. म्हैस तिथं नव्हती. मग प्रत्येक ठोंब लावल्यावर आठ दिवसांनी तू दोन्ही हातांनी धरून वारा ओढतो तसा ओढायचास. राहिला तो पास.

अन् मोरीच्या पाण्याच्या ओलीत तू लव्हाळा अन् नागरमोथा लावायला काढलास, तेव्हा मी कपाळावर हात मारला. “अरे, माझ्या दुकानात अर्धी गिऱ्हाइकं लव्हाळा मरायचं औषध मागायला येतात अन् तू तो पैसे देऊन लावतोस?”

“शेतात तो वैरी, इथं मजूर,” तू म्हणलास. “ओल हाय तोवर हिरवा राहील, वाळलं पाणी तर खाली गाठीत दडून बसेल. मोगरा बसेल का असा?”

“चेअरमनला कळलं की तू त्यांच्या बागेत लव्हाळा लावला, तर मारतील.”

“त्यांना तेवढं कळतं तर काय पायजे होतं,” म्हणून तू हसलास. त्या दिवशी आपण लई हसलो. वाळूत बसून भाकरी खाल्ली, दातात कचकच वाळू. तुझ्यासंगं तसा दिवस परत आला न्हाई.

पैली ओळ राहिली होती. ती लावायला पुढच्या खेपेला तू एकलाच गेलतास. त्या घराची राखण एक बाई करायची, तिथलीच, लई बोलकी. तिनं तुला बजावून सांगितलं, “फुडल्या वाळूत मर्यादवेल लावा हो, तीच टिकता थंय.” वाऱ्याचा आवाज, तिचा पदर तोंडात, तिचं बोलणं वेगळं, अन् तुझा डावा कान विहिरीच्या सुरुंगानं गेलेला. तू ऐकलंस मारवेल.

तिथनं फोन केलास. “आप्पा, इथल्या बाईनं सोताहून मारवेलचं नाव काढलं बे! एवढ्या लांब, समुद्राकाठी! म्हणती, तेच टिकतं.” तुझा आवाज पोरासारखा झालता. आपल्या गवताला परमुलखात कुणीतरी ओळखतंय, याचा तुला एवढा आनंद झाला की पुढचं काय विचारायचं सुचलंच न्हाई. सोयरा भेटल्यागत झालं तुला. आपल्या लोकांचं असंच हाय. परगावात कुणी आपल्याकडचं नाव घेतलं की आपण खिसा उलटा करतो.

अन् तू खिसा न्हाई, डोंगर उलटा केलास. उन्हाळ्यात, दुष्काळाच्या दुसऱ्या सालात, बियाण्याच्या पट्ट्यातले ठोंब खणायला माणसं लावलीस. मी दुकान टाकून धावत आलो. टेम्पो उभा, ओली पोती अंथरलेली, अन् पायथ्याला ज्या मारवेलला आपण कुणाला विळा लावू दिला न्हाई ते मुळासकट पडलेलं.

मी म्हणलो, “नान्या, उन्हात ठोंब उपटू नको. पावसापर्यंत थांब.”

“चेअरमनकडं पावणे यायचेत. त्याच्या आधी पैली ओळ पायजे.”

“अन् डोंगर?”

“डोंगर भरून येतो वाण्या, पाऊस पडला की. करार भरून येत न्हाई.”

ते वाक्य तू लई जोरात म्हणलतास. त्याचं उत्तर मला आज सुचतं, तर तू न्हाईस.

खाऱ्या वाऱ्यानं मारवेल आठ-पंधरा दिवसांत करपून गेलं. ती बाई मधी गावाला गेलती, येऊन बघती तर वाळकं गवत. “ह्यां काय ओ? मी मर्यादवेल म्हटलंय!” अन् कुंपणाबाहेर बोट दाखवलं. बाहेर वाळूवर हातभर लांब लांब वेल पसरलेली, जाड पानं, जांभळी फुलं, कुणी लावलेली न्हाई, कुणी पाणी घातलेलं न्हाई, सगळा किनाराभर फुकट पडलेली. तुझ्या मारवेलच्या मुळांपासनं चार पावलांवर.

तू परत येऊन दुकानात बसलास अन् मला हे सांगितलंस. पैल्यांदा आपण दोघं हसलोच. मारवेल, मर्यादवेल! मला ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. हसता हसता तू टोपीनं तोंड पुसलंस. मी चहा सांगितला. तो चहा तसाच राहिला.

पाऊस आला तो वळवाचा एक दणका. उघड्या पट्ट्यातली माती घेऊन गेला अन् परत आला न्हाई. मग करारासाठी पाहणीला साहेब आले. त्यांना डोंगर चढवला न्हाई कुणी, वरचं गवत दाखवलं न्हाई. गाडी पायथ्याला उभी केली अन् तो खणलेला उघडा पट्टा दाखवला. साहेबानं तिथंच सांगितलं, सोसायटीनं डोंगर राखला न्हाई. गाडी कुणाची होती? चेअरमनच्या मेव्हण्याची. करार गेला. दिवाळीच्या आधी बोडख्यावर खडीचा क्रशर बसला. तो कुणाचा, हेबी तुला सांगायला पायजे का?

इथवर मी तुला माफ केलं असतं. चूक झाली, कानानं धोका दिला, एका शब्दाचा दुसराच शब्द झाला. होतं. पण त्याच्यानंतर तू काय केलंस? तू दर साली त्या बागेची छाटणी करायला जात राहिलास! डोंगराला सुरुंग लागतायत, गावची जनावरं परत छावणीला, अन् आपला नाना पिशवीत कात्री घालून एस्टीत.

“कावून जातोस बे तिथं?” मी विचारलं.

“झाडांचा काय दोष? मर्यादवेल नीट पसरलीय आता. तरवड फुलतो. बघायला चल एकदा.”

“मी त्या माणसाच्या दारात मरायलाबी जाणार न्हाई.”

“आप्पा, त्यांनी परत शब्द दिलाय. क्रशरची मुदत संपली की डोंगर सोसायटीला. तोंडावर म्हणलेत.”

तेव्हा मी दुकानातल्या गिऱ्हाइकांम्होरं तुला म्हणलो, “तू अध्यक्ष न्हाईस, तू चेअरमनचा माळी हाईस.” तू उठलास, चप्पल घातलीस, गेलास. वहिनी मला सांगत होत्या की तुझ्या जिवाला ते लई लागलं. लागू दे. लागावं म्हणूनच म्हणलो होतो. आजबी मागं घेत न्हाई. तुझ्यावर माझा जीव नसता तर मी तुला ‘अध्यक्षसाहेब’ म्हणून चहा पाजला असता, बाकीच्यांसारखा.

एकच गोष्ट हाय जी आठवून बरं वाटतं. त्या बागेत म्हणे एका साली कुसळी उगवली, घराजवळच्या डुलणाऱ्या गवतात. चेअरमनचे पांढऱ्याशुभ्र कपड्यातले पावणे संध्याकाळी फिरून आले तर गुडघ्यापर्यंत कुसळांनी शिवलेले. जेवायच्या टायमाला सगळे पाय वर करून कुसळं उपटत बसले. हे तूच मला रस्त्यात थांबवून सांगितलंस, आपलं बोलणं बंद असताना. राहवलं न्हाई तुला. मी विचारलं, मुद्दाम टाकलीस का? तर म्हणलास, न्हाई रे, पवन्याच्या बियात चुकून आली. अन् ते खरंच असणार. मुद्दाम करायची तुझी छातीच नव्हती. राग तुझ्या अंगात ठरायचाच न्हाई, वाळूतल्या पाण्यासारखा. मला त्याचाच राग यायचा.

नंतर तू गेलास. सकाळी पेठेत कुणीतरी येऊन सांगितलं. मी तराजूत तूर घातलेली तशीच सोडून आलो. तुझ्या अंगणात बसलो. तुझ्या पायाला हात लावला, तो गार होता. रडलो. पुढं लोक आले, हार आले, अन् हार कुणाचा ते सांगणारे नावाचे फलक आले, मग मी मागं सरकलो.

काल तुझा दहावा झाला, नदीवर. आमच्यात हे नसतं. आमी पुरतो, वर बेल वाहतो, कावळ्याचं काय न्हाई. पण मी गेलतो. दर्भ, पिंड, दहीभात, सगळं मांडलं अन् सगळे मागं सरले. कावळे होते, पलीकडच्या बाभळीवर. एकबी खाली येईना.

ऊन चढायला लागलं. तुझा पोरगा हात जोडून म्हणला, “दादा, आईला अंतर देणार न्हाई.” कावळा हलला न्हाई. तुझा भाऊ म्हणला, “नाना, धाकटीचं लग्न आमी नीट करून देऊ.” न्हाई. वहिनी म्हणल्या, “माझी काळजी करू नका, मी नीट राहीन.” न्हाई. कुणी तंबाखूची पुडी आणून ठेवली, कुणी चहा ठेवला. बाया कुजबुजायला लागल्या की आत्मा अडकलाय. म्हातारी माणसं माझ्याकडं वळली. “आप्पा, तुमी जवळचे. तुमी बोला कायतरी.”

मी पुढं झालो. तुला काय पायजे होतं ते त्या घोळक्यात मला एकट्यालाच माहीत होतं. पण मी ते कसं म्हणणार? डोंगर काय माझ्या दुकानात पोत्यात भरून ठेवलाय? पाठीमागं क्रशर धडधडत होता, तुझ्या दहाव्यालाबी तो कुणी बंद केला न्हाई. खोटं मी तुला जिवंतपणी बोललो न्हाई, आता कावून बोलू? मी निस्तं म्हणलो, “नान्या, खा बे. लोकं उन्हात उभी हायेत.”

कावळा आला न्हाई. अन् खरं सांगू? माझी छाती फुगली. सगळे घाबरे झालते अन् मी मनात म्हणत होतो, शाब्बास! आता अडला गडी. आता कळलं याला. बसू दे सगळ्यांना उन्हात. तुझ्यावरचा माझा सगळा राग त्या घडीला उतरला. मला वाटलं आपलं भांडण मिटलं, अन् तू माझ्या बाजूनं मिटवलंस.

तेवढ्यात गाडी आली. लोकांनी वाट दिली. चेअरमननी चपला काढल्या, डोक्यावर रुमाल टाकला, पुढं आले. मोबाईल धरून एक माणूस त्यांच्या बाजूनं चालत होता. त्यांनी पिंडाम्होरं हात जोडले अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, “नाना, डोंगराची काळजी सोडा. तुमचा डोंगर तुमच्या माणसांना मी परत मिळवून देतो. हा माझा शब्द हाय.”

शब्द पुरा झाला न्हाई तोवर बाभळीवरनं कावळा उतरला. इकडं बघितलं न्हाई, तिकडं बघितलं न्हाई, सरळ पिंडावर बसला अन् चोच घातली.

वहिनींनी हंबरडा फोडला. तुझा पोरगा चेअरमनच्या पाया पडला. लोक म्हणले, “बघा, शब्दात ताकद असती माणसाच्या.” मी तिथंच उभा राहिलो, अन् मला तू मेल्याचं त्या दिवसापेक्षा जास्ती वाईट वाटलं.

अडून बसायचं होतंस बे नान्या. सगळ्या जिंदगीत न्हाई जमलं, न्हाई तर न्हाई. मेल्यावर तरी, एकदा तरी, अडून बसायचं होतंस.